एकशे पस्तीस अंशांवर

वर्षातून दोनदा मी सुदुरोय बेटावर येते.
बोटीच्या पोटात माझी गाडी, गाडीत भिंगांची पेटी,
लाटा चढल्या की पेटीवर माझा हात.
शाळेतली एक खोली मला देतात.
फळ्यावर मुलांचा भागाकार तसाच असतो, बाकी उरलेला.

सुन्नवा आली तेव्हा दुपारचे तीन, म्हणजे अंधारच.
वय एकसष्ट. सुया न थांबवता म्हणाली,
"मला काही झालेलं नाही. मुलाने पाठवलंय.
रात्री समोरच्या दिव्यांना शेपट्या फुटतात
एवढं बोलून गेले, तर त्याने गाडीची किल्लीच काढून घेतली."

मी घड्याळासारखं चक्र दाखवलं,
मधून सगळीकडे फुटलेल्या रेघा,
एकाच शाईच्या, एकाच जाडीच्या.
यातली ठळक कुठली?
"साडेदहाकडून साडेचारकडे जाते ती."
आणि बाकीच्या?
"बाकीच्या ओल्या आहेत."

ओल्या. मी तो शब्द कार्डावर लिहिला,
जिथे फक्त आकड्यांना जागा असते.

मग समजावलं, जमेल तसं.
बुबुळावरची काच चेंडूसारखी गोल असावी,
तुझी चमच्याच्या पाठीसारखी आहे,
एका अंगाने जास्त वळलेली, दुसऱ्या अंगाने सपाट.
म्हणून उजेड एका जागी मुक्कामाला येत नाही,
निम्मा अलीकडेच उतरतो, निम्मा पुढच्या थांब्यावर.
रोग नाही हा. घडण आहे.
"म्हणजे मेंढ्यांच्या शिंगांसारखं," ती म्हणाली,
आणि टाके मोजायला लागली.

चाचणीच्या चौकटीत मी भिंग उलटत गेले.
एक बरं की दोन? एक की दोन?
ती कंटाळली, चिडली, मग अपराधी आवाजात:
"दोन्ही सारखीच दिसतात गं."
लोकांना वाटतं, नापास झालो.
आम्ही तर त्याच उत्तराची वाट पाहत असतो.
सिलिंड्रिकल नंबर अडीच, अक्ष एकशे पस्तीस.

दुसरे उपायही सांगितले, सांगावेच लागतात.
डोळ्यात घालायचं भिंग, तळाशी जरा जड,
पापणी लवली तरी गरकन फिरू नये म्हणून.
किंवा लेझर, काचेचा बाकच बदलणारा, त्यासाठी विमानाने जावं लागेल.
तिने तळवे पुढे केले.
"मी दिवसभर मासे साफ करते. या मिठाच्या हातांनी?"
चष्मा, मग.

टपालाने गेला. चौथ्या दिवशी फोन:
"जमीन उतरती झालीय. टेबलाचा एक पाय लांब.
जिना मला फसवतो."
थांब, म्हटलं, आठवडाभर काढू नकोस.
साठ वर्षं वाकडं वाचून सरळ लावत आलाय तुझा मेंदू,
त्याला अजून कोणी कळवलेलं नाही.

वसंतात पुन्हा बोट, पुन्हा खोली, फळ्यावर अपूर्णांक.
सुन्नवाने एक फोटो आणला होता.
तिची आई धक्क्यावर, पिंपाशेजारी,
मान डाव्या खांद्याकडे कललेली.
बाजूला आठ वर्षांची सुन्नवा. मान तशीच.

"गावात म्हणायचे, या घरच्या बायका ऐकून घेतात.
नवरा बुडालेल्या, मुलगा कोपनहेगनला गेलेल्या,
सगळ्या आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायच्या.
मान अशी कलती ना आमची."

आता तिची मान खांबासारखी सरळ होती.
"परवा शेजारीण बोलता बोलता थांबली.
विचारते, तुला माझा राग आलाय का?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.
"आईचा नंबर काढता येईल? यावरून?"

नाही येत, म्हटलं. फोटोत डोळे तिळाएवढे होते,
आणि मान कलायला हजार कारणं असतात.
तरी फळ्याखालचा लाकडी कोनमापक मी उचलला,
त्या मानेशी धरला, आकडा वाचून दाखवला:
बावीस, फार तर तेवीस.

तिने विणकामाची वही उघडली,
बाहीच्या टाक्यांच्या हिशेबाखाली लिहिलं,
बावीस.
मग चष्मा कपाळावर चढवून
आपण लिहिलेलं पुन्हा एकदा पाहिलं.